अर्ध्या सेकंदाचा चष्मा

५ जून

दादा,

मायन्यात काय लिहावं ते ठरेना, म्हणून नुसतंच दादा. 'प्रिय' लिहिलं तर खोटं होईल आणि 'तीर्थस्वरूप' लिहिलं तर आपल्या दोघांनाही हसू येईल.

पाकीट पाहून दचकू नकोस. आई बरी आहे. दोन वर्षं मी तुझा फोन उचललेला नाही आणि माझ्या कामाच्या मेसेजला तू 'ठीक' एवढंच उत्तर देतोस, म्हणून पोस्टाने लिहितेय. कागदावर 'ठीक' लिहायचं तर तुला निदान पाकीट आणि तिकीट तरी शोधावं लागेल.

काम असं आहे. गेल्या सोमवारी सकाळच्या पाळीत मी जागेवर बसले आणि पहिलाच कॉल आला. एका बाईंच्या वडिलांना श्वास घेता येत नव्हता. बाईंनी गल्ली सांगितली, घर नंबर चव्वेचाळीस सांगितला. मी ऐकता ऐकता टाइप केलं, तोंडाने 'चव्वेचाळीस' म्हणून खात्री करून घेतली आणि एंटर दाबलं. आमच्याकडे एंटर दाबलं की पत्ता थेट रुग्णवाहिकेतल्या पडद्यावर जातो आणि माझ्यासमोरचा रकाना पुढच्या कॉलसाठी रिकामा होतो. हे तुला माहीत आहे, ती यंत्रणा तुझ्याच कंपनीने बसवली आहे.

गाडी चार नंबरला गेली.

त्या गाडीचा ड्रायव्हर आमचा मीटर. किलोमीटर सोडून दुसऱ्या कशावर बोलत नाही म्हणून हे नाव. त्याचा रेडिओवर आवाज आला, "ताई, चार नंबरला नुसता कुत्रा आहे. आणि तो एकदम ठणठणीत आहे." मी म्हटलं, चार नाही, चव्वेचाळीस. तो म्हणाला, "पडद्यावर चार आहे, ताई. मला वाचता येतं." मग त्याने गाडी वळवली. गल्ली लांब आणि एकेरी, त्यामुळे पूर्ण वळसा पडला.

ते गृहस्थ वाचले. हे आधी लिहायला हवं होतं, पण मी घटना घडल्या त्याच क्रमाने लिहिते, तुला सवय आहे. ते अजून दवाखान्यात आहेत, आणि त्या वळशाशिवाय ते आत्ता घरी असते की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. त्यांच्या मुलीने तक्रार केली आहे. तिच्या जागी मीही केली असती.

रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज 'चव्वेचाळीस' म्हणतोय. पडद्यावरच्या नोंदीत चार आहे. दोन्हींच्या मध्ये माझा हात आहे. तेव्हा बोट हाताकडे गेलं. मला कॉलवरून उठवून मागच्या खोलीत बसवलंय आणि महिनाअखेरीला चौकशी आहे.

प्रश्न एकच. आदल्या दिवशी, रविवारी, तुमच्या कंपनीने दुरून आमच्या मशीनची देखभाल केली होती. माझ्या मशीनवर काही बदललं होतं का?

उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं चालेल. 'ठीक' चालणार नाही.

– फूटपट्टी

(तूच ठेवलेलं नाव आहे. दुसरं कुणी वापरत नाही, म्हणून अजून कोरं आहे.)

१४ जून

दादा,

तुझं पाकीट मिळालं. आत दोन ओळी. 'देखभालीत नेहमीचंच काम झालं. वेगळं काही आठवत नाही. हाताची काळजी घे.' छापलेल्या. सहीसुद्धा छापलेली. ज्याने बाबांच्या दुकानाची पाटी अठराव्या वर्षी ब्रशने एका दमात रंगवली, त्याला बहिणीला पत्र लिहायला प्रिंटर लागतो. मोठा माणूस झालास.

आता मी काय केलं ते सांगते. मीटर वळसा घेत होता तेव्हा मी हातावर हात ठेवून बसले नव्हते. रिकाम्या रकान्यात पुन्हा चव्वेचाळीस टाइप केलं. एकच चार उमटला. पुन्हा केलं, पुन्हा एकच. मग दोन चारांच्या मध्ये मुद्दाम थांबले, तर दोन्ही उमटले. मशीनला रोग काय झालाय हे मला तिथेच कळलं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये गेले आणि पडद्याचा फोटो काढून ठेवला.

एकाच कळीवर पाठोपाठ दोन दाब आले तर दुसरा सोडून द्यायचा, अशी सोय चालू होती. 'पाठोपाठ' म्हणजे किती, तो आकडा अर्ध्या सेकंदावर होता.

तुला हे सांगायची गरज नाही, पण हे पत्र उद्या कुणी तिसऱ्याने वाचलं तर त्यालाही कळावं म्हणून लिहिते. ज्याचा हात थरथरतो त्याचं बोट कळीवर एकदा ठेवता ठेवता दोनदा पडतं. कानाला एकच टक ऐकू येते, पडद्यावर दोन अक्षरं येतात. त्यासाठी ही सोय. चांगली सोय आहे. पण ती थरथर आणि इच्छा यांत फरक करत नाही, ती फक्त वेळ बघते. अर्धा सेकंद हा वेळ टाइप करणाऱ्या बोटांसाठी भला मोठा आहे. तेवढ्यात माझी तीन-चार अक्षरं होतात. म्हणजे मी थरथरून दाबलेला चार तर तिने खाल्लाच असता, पण मी मनापासून दाबलेला चारही खाल्ला. शब्दांत एकाला एक लागून तेच अक्षर क्वचित येतं, म्हणून दिवसभर काही जाणवतही नाही. घर नंबरात, फोन नंबरात ते सतत येतं.

ऑफिसचं म्हणणं, ही सोय माझ्याच हाताने चुकून चालू झाली असणार. शिफ्टची कळ बराच वेळ दाबून राहिली तर ती आपोआप चालू होऊ शकते, हे खरं आहे. पण तो शॉर्टकट माझ्या मशीनवर मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात बंद केला होता. आणि बदलाच्या शेजारी कुणी केला तेही मशीन लिहून ठेवतं. रविवार, दुपार, देखभालीचं खातं. तुमच्या कंपनीत आमच्या ऑफिसचं देखभालीचं खातं एकाच माणसाकडे आहे. ते आईलाही माहीत आहे, कारण तू तिला अभिमानाने सांगितलं होतंस.

पहिल्या पत्रात मी विचारलं तेव्हा मला उत्तर माहीत होतं. तुला ते स्वतःहून सांगता यावं म्हणून प्रश्नचिन्ह घातलं होतं.

बाकी कुणाचंच मशीन बदललेलं नाही. मी सगळी तपासली. फक्त माझं. म्हणजे चूक नव्हे, माया होती. त्याचाच जास्त राग येतो.

माझा हात थरथरतो हे तुला आईने सांगितलं. सांगू नकोस म्हटलं होतं. तिचं म्हणणं, "तुमच्या बाबांचं त्याला माहीत नव्हतं का? मग तुझं का लपवायचं?" मी म्हटलं, बाबांचं माहीत होतं म्हणूनच.

– फू.

२१ जून

दादा,

या वेळी तुझ्याकडून पाकीटही नाही. ठीक. (बघ, मलाही जमतं.)

काल मला साहेबांनी बोलावलं. आमचे साहेब वाईट नाहीत. ते खुर्चीवरून अर्धवट उठतात, 'या, बसा' म्हणतात आणि मग वाईट बातमी देतात. शेजारी आस्थापना विभागाच्या मॅडम होत्या. त्यांनी फारच मऊ आवाजात सांगितलं की चौकशीआधीच मी लिहून दिलं, की चूक हातामुळे झाली, तर प्रकरण तिथेच मिटेल. मला जुन्या नोंदींच्या विभागात घेतील. पगार तोच.

"आरामाचं काम आहे," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "मला आराम नकोय, सर. मला माझी खुर्ची हवी आहे."

"अहो, पण काळजीपोटीच म्हणतोय आम्ही."

"कळलं. काळजी लेखी देणार का?"

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. बोलणं तिथेच संपलं.

घरी आले तर आई म्हणाली, "घे ना ते काम. पंखा असतो, फोन नसतो." मग भाजी चिरता चिरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादाला लिहितेस ना, जरा गोड लिही." मी म्हटलं, शुद्ध लिहिते, तेवढं पुरे.

आरामाचं काम. हे शब्द मी आधी कुठे ऐकले ते तुला आठवत असेलच. नसेल तर सांगते.

बाबांचा हात थरथरायला लागला तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं नव्हतं. ते फक्त बदलले होते. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू बसवताना मनगट काउंटरच्या कडेला टेकवायचे आणि वाट बघायचे. थरथर येते, जाते, मध्ये थोडी शांत जागा असते. त्या जागेत ते स्क्रू फिरवायचे. वेळ लागायचा. गिऱ्हाइकं थांबायची, कारण त्यांच्यासारखा नंबर कुणी काढत नव्हतं. चौकटीत काच घालायची आणि विचारायचं, "हे बरं, की आधीचं?" पुन्हा दुसरी काच. "आता? आणि आता?" माणूस कंटाळेपर्यंत विचारायचे. मी एकदा म्हटलं, बाबा, मशीन एका मिनिटात नंबर सांगतं. ते म्हणाले, "मशीन डोळा मोजतं गं. दिसतं कसं ते त्या माणसालाच विचारायला लागतं."

आणि एके दिवशी तू कामाला एक माणूस ठेवलास, बाबांच्या हातातला छोटा स्क्रू ड्रायव्हर काढून त्याच्या हातात दिलास आणि म्हणालास, "बाबा, आता आराम करा." सगळ्यांसमोर. प्रेमानेच. त्यानंतर ते रोज दुकानात यायचे आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसायचे. स्वतःच्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर. एक वर्ष बसले. मग आजारी पडले, आणि मग ती खुर्चीही रिकामी झाली.

त्यांच्या जाण्याला तू कारण आहेस असं मी कधी म्हटलेलं नाही. तसा माझ्याकडे पुरावा नाही. त्यांच्या त्या एका वर्षाला तू कारण आहेस, एवढंच मी आपण शेवटचं बोललो त्या दिवशी म्हटलं, आणि अजूनही म्हणते. तू त्यांना विचारलं नाहीस. ज्या माणसाचा जन्म 'हे बरं, की ते' विचारण्यात गेला, त्याला कुणी एकदाही विचारलं नाही.

आता माझ्यावर तोच प्रयोग. फरक एवढाच की मी अजून खुर्ची सोडलेली नाही.

चौकशी सत्तावीस तारखेला आहे. बदल कुणी केला असं विचारलं तर मी तुझं नाव सांगणार. रागाने नाही, विचारलं म्हणून. त्याआधी तू स्वतः सांगायचं असेल तर साहेबांचा फोन नंबर तुझ्याकडे आहे.

आणि तो स्क्रू ड्रायव्हर कुठे आहे? दुकान विकलं तेव्हाच्या सामानात मला सापडला नाही.

– फू.

२८ जून

दादा,

काल चौकशी झाली.

तू आदल्या दिवशी साहेबांना फोन केलास हे मला तिथे बसल्यावर कळलं. सुरुवातीला, दोन वाक्यांपुरतं, मला बरं वाटलं. ते मी इथे नोंदवते, कारण पुढचं जे लिहिणार आहे त्यात ते बुडून जाईल.

साहेब म्हणाले, "तुमच्या बंधूंनी सगळं मोकळेपणाने सांगितलंय. सेटिंग त्यांनीच केलं. बहिणीचा हात थरथरतो, तिच्याकडून चूक होऊ नये, म्हणून. आता बघा, घरच्या माणसालाच तुमच्या हाताचा भरवसा वाटत नाही, तर आम्ही कुणाच्या जोरावर..."

वाक्य त्यांनी हवेत सोडलं. मॅडमनी जुन्या नोंदींच्या विभागाचा कागद माझ्याकडे सरकवला. सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारलेली होती, मला जागा शोधायचा त्रास नको म्हणून.

म्हणजे तू कबुली दिलीस, तीही माझ्या हातावर ठेवून. शाबास.

मी आजवर कामावर कुणाला सांगितलं नव्हतं, संशय मात्र सगळ्यांना होता. माझ्या मशीनवर माझी स्वतःची सेटिंग होती, गुपचूप केलेली. रविवारी तू तीच पुसून तुझी बसवलीस. लोकांसमोर मी चहाचा कप डाव्या हाताने घ्यायचे, सह्या एकटी असताना करायचे. मी लपवत होते, आणि लपवलेली गोष्ट कुणीही उचलून आपल्या सोयीने मांडू शकतो, हे मला त्या पेन्सिलच्या फुलीकडे बघताना कळलं.

तर मी उजवा हात उचलून टेबलावर ठेवला. सगळ्यांना दिसेल असा. तो थरथरत होताच. त्या वेळी जरा जास्तच.

"हो, थरथरतो," मी म्हटलं. "पुढे?"

मॅडमनी कागद आणखी थोडा पुढे सरकवला. तेव्हा मीच पुढे गेले. मी म्हटलं, माझं मशीन इथे आणा, सोमवारी होतं त्याच सेटिंगमध्ये, आणि तुम्ही टाइप करा. तुमचे हात तर स्थिर आहेत.

आधी साहेब बसले. त्यांनी स्वतःचा फोन नंबर टाइप केला. एक बोट, प्रत्येक आकड्याआधी कीबोर्डवर शोध, प्रत्येक आकड्यानंतर पडद्यावर नजर. नंबर पूर्ण उमटला. साहेब खूश. "येतोय की व्यवस्थित!"

"येणारच, सर. तुम्ही दोन आकड्यांच्या मध्ये अर्ध्या सेकंदाहून जास्त थांबता."

मॅडमना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं. मग मी त्यांना बसायला सांगितलं. मॅडम दिवसभर टाइप करतात, बोटं झरझर चालतात. त्यांनी त्यांचा नंबर घातला. दोन आकडे कमी. पुन्हा घातला. पुन्हा दोन कमी. त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मला ती नजर ओळखीची आहे.

"मी नीट दाबलं होतं," त्या म्हणाल्या.

"मीसुद्धा," मी म्हटलं.

मग मी माझी सेटिंग लावली. आधी समजावून सांगितलं. माझं बोट थरथरून दुसऱ्यांदा पडतं ते ऐंशी मिलिसेकंदांच्या आत पडतं. मी मुद्दाम तीच कळ दुसऱ्यांदा दाबते तेव्हा मधलं अंतर दीडशेच्या खाली कधी जात नाही. मी हे मोजलं आहे, पुन्हा पुन्हा, थकलेली असताना आणि नसताना. म्हणून माझा आकडा एकशे दहा. थरथर गाळली जाते, इच्छा राहते. कळ दाबून राहिली तर तेच अक्षर ओळीने उमटत जातं, तेही मी बंद ठेवते. बस, एवढंच. मग म्हटलं, मॅडम, तुम्ही खुर्ची वर करून घेतलीत, मागच्या पाळीतली मुलगी खाली करते. साहेबांनी मघाशी वाचायला चष्मा लावला. त्यांना कुणी जुन्या नोंदींच्या विभागात पाठवलं नाही.

साहेबांनी चष्मा काढला. मग कागद दिसेना म्हणून परत लावला.

मी म्हटलं, आता पत्ते सांगा. हवे तेवढे, हवे तसे. मीटरला साक्षीसाठी बोलावलं होतं, तो दाराशी उभा होता. तो म्हणाला, "मी सांगतो. मला सगळे वाकडे पत्ते पाठ आहेत." आणि त्याने एका दमात सांगायला सुरुवात केली. अकरा नंबर, बावीसचा मागचा दरवाजा, शंभर, एकशे अकरा, सातशे सत्त्याहत्तर, मध्येच फोन नंबर, पुन्हा चव्वेचाळीस. माणूस गाडीत बसून इतकं पाठ करतो हे मला माहीत नव्हतं. मी टाइप करत गेले. हात थरथरत होता. खोलीतले सगळे हाताकडे बघत होते, मी पडद्याकडे.

मॅडमनी चौकशीचं रेकॉर्डिंग लावून एकेक पत्ता ताडून पाहिला. सगळे बरोबर होते.

"चार नंबरचा कुत्रा राहिला," मीटर म्हणाला.

मला माझी खुर्ची परत मिळाली आहे. सोमवारपासून कॉलवर. दोन गोष्टी मी लिहून मागितल्या आणि मिळाल्या: माझ्या मशीनचं सेटिंग माझ्याशिवाय कुणी बदलणार नाही, आणि एंटर दाबल्यावरही पत्ता माझ्यासमोर राहील, त्यावरूनच मी तो वाचून खात्री करीन. दुसरी सगळ्यांच्या फायद्याची आहे. तुमच्या कंपनीला तसं पत्र येईल.

त्या बाईंनाही मी भेटले. त्यांचे वडील परवा घरी गेले. मी काय झालं ते सांगितलं, हातासकट. त्या माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. "आता नीट आहे ना मशीन?" एवढं विचारलं. मी हो म्हटलं.

आता तुझ्याबद्दल.

चौकशी संपल्यावर साहेब जिन्यात मला म्हणाले, तुझी बाजू घ्यायची म्हणून, "तुमच्या बंधूंचा हेतू वाईट नव्हता हो. ते म्हणत होते, सेटिंग अगदी निर्धोक आहे, मी स्वतः दीड वर्ष वापरतोय, मला कधी काही त्रास नाही."

साहेब पुढे उतरून गेले. मी जिन्यातच उभी राहिले.

मी स्वतः दीड वर्ष वापरतोय.

छापलेलं पत्र. छापलेली सही. 'ठीक'. मी ते सगळं तुझा थंडपणा म्हणून हिशोबात धरलं होतं. माझं वाचन चुकलं, आणि मला चुकीचं वाचलेलं आवडत नाही.

कधीपासून, दादा? कुठला हात?

– फू.

६ जुलै

दादा,

तुझ्या पाकिटावर या वेळी पत्ता हाताने लिहिलेला होता. पोस्टमनने दारातच विचारलं, लहान मुलाने लिहिलंय का. मी म्हटलं, नाही, मोठ्याने लिहिलंय, पहिल्यांदाच. आईने पाकीट हातात घेतलं, अक्षर पाहिलं आणि आत गेली. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "दोघांचंही? आणि त्याला मला सांगावंसंही वाटलं नाही?" तिला उत्तर तू द्यायचं आहेस. फोन कर. तिला, मला नाही.

दोन्ही हात, उजवा जास्त. कामावर कुणालाच माहीत नाही. कळलं तर देखभालीचं खातं काढून घेतील आणि सल्लागार वगैरे करून कोपऱ्यात बसवतील, असं तू लिहिलंस. आरामाचं काम. बाबांच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतलास तेव्हाच तुझं बोट पहिल्यांदा थरथरलं होतं, असंही लिहिलंस. म्हणजे तू बाबांना त्या खुर्चीवर बसवलंस, की समोर जे दिसत होतं त्याच्याकडे बघवेना म्हणून बाजूला सारलंस? मला उत्तर नको. तुझ्यापाशीच राहू दे.

मी तुला माफ केलेलं नाही. करीन तेव्हा कळवीन, पोस्टाने.

पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला सोडवत नाही. 'मला जे चाललं ते तुला चालेल असं वाटलं.' चष्मेवाल्याचा मुलगा आहेस तू. आपला चष्मा काढून दुसऱ्याच्या नाकावर ठेवायचा आणि आता दिसेल म्हणायचं, हे बाबांच्या दुकानात कुणी केलं असतं तर बाबांनी त्याला काउंटरच्या आत पाऊल टाकू दिलं नसतं.

बरं, तो चष्मा तुझा तरी होता का? गेल्या पत्राबरोबरच मी दोन दाबांमधलं अंतर मोजायचा प्रोग्रॅम मेलने पाठवला होता, तू चालवलास आणि आकडे छापून याच पाकिटात घातलेस. त्याबद्दल आभार. मी ते आज दुपारी नीट पाहिले. तुझं बोट थरथरून दुसऱ्यांदा पडतं ते एकशे वीसच्या आत. मुद्दाम दाबतोस तेव्हा दोनशे साठच्या वर. तुझा नंबर एकशे नव्वदच्या आसपास आहे, दादा. पाचशे नाही. तू दीड वर्ष दुपटीहून जाड भिंगाचा चष्मा घालून फिरतोयस. मशीनने जो आकडा पुढे केला तो घेतलास आणि पुन्हा त्याकडे पाहिलं नाहीस, कारण पाहायचं म्हणजे आपला हात पाहायचा. मग पडद्यावर आकडे गायब व्हायला लागले असतील. तू ते हळू दाबून सांभाळलेस, वेग कमी झाला, आणि तुला वाटलं हात बिघडत चाललाय. हात तेवढा बिघडलेला नाही. मी आकडे दोनदा तपासले.

हे सांत्वन नाही. मोजमाप आहे. सांत्वन मला येत नाही.

तुझ्या कामावर तू सांगावंस असं मला वाटतं. टेबलावर हात ठेवून. पाय लटपटतात, ते खरं आहे, पण ते टेबलाखाली असतात, कुणाला दिसत नाहीत. सांगितलंस आणि तुला कोपऱ्यात बसवायला निघाले, तर मला कळव. मी रजा काढून येईन, माझं मशीन घेऊन. मीटर पण येतो म्हणालाय. त्याला फक्त अंतर किती ते हवं आहे. नाही सांगितलंस तर तुझा निर्णय. तुझ्या मशीनला मी तुला न विचारता हात लावणार नाही. हे वाक्य मुद्दाम लिहिलं आहे.

स्क्रू ड्रायव्हर मिळाला. पाकिटाच्या तळाशी, कापसात गुंडाळलेला. इतकी वर्षं तुझ्याकडेच होता तर. काल आईच्या चष्म्याची दांडी सैल झाली होती. मी मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं आणि वाट पाहिली. स्क्रू दोनदा पडला. आई म्हणाली, राहू दे, दुकानात देऊ. मी म्हटलं, बस तू. तिसऱ्यांदा बसला.

आता तुझी पाळी. आज रात्री नको, सकाळी, डोकं शांत असताना. पाचशेवरून थेट एकशे नव्वदवर ये. एक पान टाइप कर. त्यात आपल्या जुन्या दुकानाचा फोन नंबर घाल, शेवटी तीन नऊ आहेत ते मुद्दाम भराभर दाब. मग दहाने वर जाऊन बघ, दहाने खाली जाऊन बघ. घाई करू नकोस, आणि मशीन काय म्हणतं ते मला सांगू नकोस. तुला कसं दिसतंय ते सांग.

दादा, हे बरं, की आधीचं?

– फूटपट्टी